अडीच वितींची कृपा

गुरुवारी दुपारी पावणेदोनला मी ड्युटीवर आले तेव्हा आमच्या हॉस्पिटलच्या दारात पेढे वाटत होते. सांगलीतला तो रस्ता आधीच अरुंद, त्यात म्हसवडकडच्या तीन जीपगाड्या आणि एक ट्रॅव्हल्स आडवी लावलेली. दीड-दोनशे माणूस सहज असेल. बायका जमिनीला डोकं टेकवत होत्या. तिथं देवळाची पायरी नव्हती, स्ट्रेचर वर चढवायचा सिमेंटचा उतार होता. सकाळी त्यावरून महाराजांचे पाय वर गेले होते म्हणे.

रिक्षावाल्यानं मला कोपऱ्यावरच उतरवलं.

"सिस्टर, पुढं गाडी जात न्हाई. तुमच्या आयसीयूत आज मराय टेकलेलं माणूस उठवलंय."

"कुणी?"

"स्पर्शनाथ महाराजांनी. तुमी तितंच कामाला हाय न्हवं? आन् तुमास्नीच ठाव न्हाई?"

गर्दीतून वाट काढताना एका बाईनं माझ्या हातात पेढा ठेवला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. आमच्याच आयसीयूतली चार नंबरची खाट. खाटेवर तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेली अंबूबाई. उशाशी भगवी शाल, तेल लावून विंचरलेली दाढी, आणि तिच्या कपाळावर एक गुबगुबीत हात.

"माउली, तुझं रक्त दमलंय," हाताचा मालक सांगत होता. "मी त्याला हाक मारतोय. चंद्राच्या हाकेनं समुद्र चढतो, तू तर ओंजळभर आहेस. चढ, रक्ता, चढ."

मग कॅमेरा मॉनिटरकडं वळला. लाल अक्षरांत रक्तदाब: शहाऐंशी, खाली सेहेचाळीस. आकडा हलला. पंच्याण्णव. एकशे चार. एकशे पंधरा. एकशे सव्वीसवर शहाऐंशी येऊन थांबला. नुसत्या हातानं. मागं रडण्याचा आणि जयजयकाराचा आवाज.

"बगा," ती बाई म्हणाली, "डाक्टरांच्या मशिनीनंच साक्ष दिली. आता काय म्हनशीला?"

मी पेढा पिशवीत टाकला आणि जिना चढले. राग आला होता, पण तो अजून लहान होता. व्हिडिओत दिसणारी चौदा माणसं आयसीयूत चपलांसकट घुसू दिली कुणी, एवढाच.

माझं नाव गुणमाला मगदूम. माधवनगरला राहते. बावीस वर्षं झाली आयसीयूत नर्स म्हणून, त्यातली सात या विभागाची प्रमुख म्हणून. हॉस्पिटल डॉ. धनपाल शेटे यांचं.

अंबूबाई सोमवारी आली होती. वय अठ्ठावन्न, म्हसवडला बाजारपेठेत तिची खानावळ. मुतखडा नळीत अडकला, वर लघवी तुंबून तिचा पू झाला आणि तो जंतुसंसर्ग रक्तात पसरला. आल्याच दिवशी मूत्रपिंडात नळी घालून पू काढला होता, पण तोवर ती शॉकमध्ये गेली होती. शॉक म्हटलं की लोकांना विजेचा झटका नाहीतर वाईट बातमी आठवते. आमच्या भाषेत शॉक म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्ताचा दाब कोसळतो, आणि मेंदू, मूत्रपिंड, हातपाय यांना रक्त पुरेनासं होतं. अशा माणसाला आम्ही नॉरअॅड्रिनॅलिन नावाचं औषध देतो. ते रक्तवाहिन्या आवळून दाब धरून ठेवतं. मानेतल्या मोठ्या शिरेतून, पंपावर, तासाला मोजके मिलिलिटर. थोडं कमी पडलं तर दाब कोसळतो, थोडं जास्त झालं तर हातापायांची बोटं काळी पडतात. त्या नळीतून दुसरं काही सोडायचं नाही. एक सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार हवी. मधे अर्ध्या मिनिटाची फट पडली तरी माणूस हातातून जातो. हे काम डॉक्टर करत नाहीत. ते औषध लिहितात. खाटेपाशी उभं राहून ते सांभाळते ती नर्स.

त्या दिवशी सकाळी तिथं शिवांजली होती. कोरेगावची पोरगी, तेवीस वर्षांची, कामाला चोख.

"मॅडम, चार नंबर एकदम स्टेबल," चार्ज देताना ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "प्रेशर चांगलं लागलं म्हणून ऑर्डरप्रमाणे नॉरअॅड कमी करत आणलं. अकराला चौदावर होतं, आता चारवर आहे. तरी बघा, अठ्ठ्याण्णव-सत्तर."

"आणि पेशंट?"

"शांत झोपल्यात. त्यांची मुलगी म्हणते, समाधी लागलीय."

मी मॉनिटरकडं बघितलं नाही. मी आधी पायाला हात लावते, ही जुनी सवय. अंबूबाईचे तळवे विहिरीतल्या दगडासारखे गार होते. गुडघ्यांवर निळसर जाळं उमटलेलं. अंगठ्याचं नख दाबून सोडलं, तर ते पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. लघवीची पिशवी बघितली. दोन तासांत एक थेंब नाही.

"दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलंस?"

"घेतलं मॅडम. पण तो रीडिंगच दाखवत नव्हता. हात गार असला की पकडत नाही ना, म्हणून काढून ठेवला."

"हात गार का आहे, हे नाही वाटलं विचारावं?"

तिचा चेहरा उतरला. मी अंबूबाईच्या जांघेत बोटं ठेवली. नाडी होती, पण धाग्याएवढी. हाक मारली, तर पापणी हलली नाही. ही समाधी नव्हती. ही बाई आमच्या डोळ्यांदेखत, उत्तम आकड्यांखाली, मरत होती.

आता तो आकडा कुठून येतो ते सांगते. पेशंटच्या मनगटातल्या धमनीत एक बारीक नळी असते. तिला पुढं खाऱ्या पाण्यानं भरलेली लांब नळी जोडतात, आणि त्या नळीच्या टोकाला काडेपेटीएवढी डबी असते. दाब मोजते ती डबी. ती खाटेशेजारच्या स्टँडला स्क्रूनं आवळून, पेशंटच्या हृदयाच्या बरोबर पातळीत बसवायची. म्हणून आम्ही पेशंटच्या छातीच्या बाजूला पेनानं खूण करतो. अंबूबाईच्या कुशीवर खूण होती. खुणेसमोर डबी नव्हती.

मी नळी धरून खाली खाली गेले. डबी माझ्या गुडघ्यापाशी होती. स्टँडभोवती भगवं उपरणं गुंडाळलेलं, आणि त्याच्या आत डबी बसलेली.

"हे कापड कुणी बांधलं?"

"महाराजांच्या शिष्यानं. भाऊसो म्हणून आहेत. मशिनला दृष्ट लागू नये म्हणून. शेटे सर होते ना मॅडम, त्यांनीच हो म्हटलं."

मी उपरणं ओढून फेकलं. स्क्रू सोडला, डबी वर खुणेला लावली. अठ्ठ्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले, पंच्याहत्तर झाले, आणि अठ्ठावन्नवर तीस येऊन थांबले. अलार्म किंचाळायला लागला. शिवांजलीनं तोंडावर हात ठेवला.

"नंतर रड," मी म्हणाले. "पंप सोळावर ने. ड्युटी डॉक्टरांना बोलव. दुसरी सिरिंज भर."

तेवढ्यात दारातून अंबूबाईची लेक क्रांती ओरडली. ती काचेतून बघत होती. तिनं जे बघितलं ते एवढंच: सिस्टर आली, सिस्टरनं डबीला हात लावला, आणि आईचं प्रेशर पडलं.

"आवं, काय केलंसा तुमी? चांगलं व्हतं की सगळं."

तिच्यामागून तिचे वडील हंबीरराव आत आले. फौजेत सुभेदार होते, इंजिनिअर रेजिमेंटमध्ये. सोमवारपासून खुर्चीत ताठ बसून राहिलेला माणूस. आता त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या. आणि त्यांच्याबरोबर पस्तिशीचा, कपाळाला आणि दंडांना भस्म फासलेला एक माणूस. हा भाऊसो.

"कृपा मोडली," तो दोन्ही हात वर करून बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शंकेखोर हात लागला. बाई, तुमाला त्या ट्रान्सड्यूसरला हात लावाय कुनी सांगितलं व्हतं?"

मी मान वर केली. "कशाला?"

"त्या... डबीला."

बावीस वर्षांत आयसीयूत आलेल्या नातेवाइकांपैकी एकानंही मला त्या डबीचं नाव सांगितलेलं नाही. पण तेव्हा मला वेळ नव्हता.

"सुभेदार," मी हंबीररावांना म्हणाले, "मला एक तास द्या. मग मला काय बोलायचं ते बोला, मारायचं तर मारा. आत्ता फक्त खाटेच्या पायथ्याशी या आणि बायकोच्या तळव्याला हात लावा."

ते जागचे हलले नाहीत. मग काय वाटलं कोण जाणे, पुढं आले आणि अंबूबाईचा तळवा धरला. धरूनच राहिले.

"असले पाय म्या बर्फात बगितल्यात," ते हळू म्हणाले. "पोरं बोलत असायची आन् पाय असले असायचं. मग बोलायची थांबायची." त्यांनी मॉनिटरकडं बघितलं, परत पायांकडं बघितलं. "हे कवापासनं?"

"तीन तास तरी. आकडा छान होता म्हणून कुणी हात लावला नाही."

ते वळले आणि दारातल्या लोकांवर परेड ग्राउंडवरच्या आवाजात गरजले. "भायेर व्हा सगळी. क्रांते, तू बी. आन् तू रं, भस्मवाल्या, तू पयला."

पुढचे दोन तास आम्ही खाट सोडली नाही. डॉक्टरांनी दुसरं औषध जोडलं. पंप सोळावर, मग वीसवर. दर पाच मिनिटांनी दंडाच्या पट्ट्यानं दाब, आणि तो डबीच्या आकड्याशी ताडून बघायचा. मानेतल्या नळीभोवती सूज नाही ना, बोटांच्या टोकांचा रंग बदलतोय का, श्वास कसा आहे. शिवांजलीची ड्युटी संपली होती, पण ती गेली नाही. ती नोंदी लिहीत होती. चार वाजता दाब ब्याण्णव-चोपन्न झाला, तोही दोन्हीकडं सारखा. साडेचारला पिशवीत चाळीस मिलिलिटर लघवी जमली. पिवळी, गढूळ लघवी. असल्या वेळी तिच्यासारखं सुंदर काही नसतं. हंबीरराव अजून पायथ्याशी उभे होते.

मधल्या वेळात मी तो व्हिडिओ दोनदा बघितला. शहाऐंशीचे एकशे सव्वीस म्हणजे चाळीसची वाढ. सेहेचाळीसचे शहाऐंशी म्हणजे बरोबर चाळीसच. जिवंत माणसाचा दाब चढतो तेव्हा वरचा आणि खालचा आकडा असे हातात हात घालून चढत नाहीत. नाडीचा वेग एकशे अठ्ठावीस होता तो एकशे अठ्ठावीसच राहिला. म्हणजे अंबूबाईच्या शरीरात काहीच घडलं नव्हतं. आणि चित्राच्या उजव्या कडेला, महाराज चंद्राची गोष्ट सांगत असताना, एक भस्म लावलेला दंड उपरण्याआड हळूहळू खाली चालला होता.

महाराजांचा याआधीचा गाजलेला व्हिडिओ साताऱ्याचा होता. कोरेगावजवळची बनुबाई नावाची म्हातारी, असाच आकडा, असाच जयजयकार. माझी एक वर्गमैत्रीण त्या हॉस्पिटलात आहे. तिला फोन केला.

"बनुबाई?" ती म्हणाली. "अगं, ती त्याच संध्याकाळी गेली. व्हिडिओ अजून फिरतोय."

मला राग आला म्हणजे नेमका कधी आला, तर तेव्हा. आकडा चढताना लाखभर लोकांनी बघितला. म्हातारी मेलेली कुणी बघितली नाही, कारण मेलेल्याचा व्हिडिओ कुणी टाकला नाही.

मी डॉ. शेट्यांच्या केबिनमध्ये गेले. सकाळच्या चमत्काराचा व्हिडिओ त्यांनी हॉस्पिटलच्या पेजवर स्वतः टाकला होता. वर लिहिलं होतं: श्रद्धा आणि विज्ञान यांचा संगम.

"मगदूम सिस्टर, विषय वाढवू नका," ते म्हणाले. "ट्रान्सड्यूसर चुकून खाली सरकला असेल."

"स्क्रू हातानं सैल केल्याशिवाय तो सरकत नाही सर. तुम्हाला माहीत आहे."

"लोकांच्या भावना असतात. आपण मधे पडून कशाला वाईट व्हायचं? महाराज पाचला परत येतायत, नातेवाइकांची इच्छा आहे. दोन मिनिटं हात लावतील आणि जातील."

एम.डी. झालेला माणूस. याच्याच हाताखाली मी ही डबी हृदयाच्या पातळीत का हवी ते शिकले होते. महाराजांची मला चीड आली, पण किळस आली ती या माणसाची. महाराज अडाणी लोकांना फसवत होते. हे तर सगळं माहीत असून दार उघडून उभे होते.

"येऊ देत," मी म्हणाले. "आयसीयूत नाही, खाली हॉलमध्ये. मॉनिटर मी लावणार. आणि सर, घडल्याची नोंद मी वेळांसकट लिहून ठेवली आहे. तुम्ही काहीही ठरवलंत तरी ती पोलिसांकडं जाणार."

ते खिडकीकडं बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

पाच वाजता अंबूबाईजवळ ड्युटी डॉक्टर आणि शिवांजली थांबले, आणि खाली हॉल भरला. मधोमध मी एक स्टँड उभा केला. त्याला सलाइनची पिशवी टांगली, पिशवीला नळी, नळीच्या टोकाला तसलीच दुसरी डबी, डबीला मॉनिटर. पडद्यावर सपाट रेघ आणि लाल आकडा: अडतीस.

स्पर्शनाथ महाराज आले. पुढं भाऊसो, मागं महाराजांच्या खडावा छातीशी धरलेला त्यांचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस.

"माउली कुठं आहे?" महाराजांनी विचारलं.

"वर आहे. आधी हा पेशंट बघा," मी पिशवीकडं बोट केलं. "याचं प्रेशर अडतीस आहे. वर न्या."

महाराज मऊ हसले. "बाई, हे मीठपाणी. निर्जीवात मी प्राण कसा फुंकू?"

"प्राण नका फुंकू. आकडा वाढवा. सकाळी तुम्ही आकडाच वाढवलात."

"आकडा म्हणजे रक्ताचा हुंकार असतो. जिथं वेदना, तिथं माझा स्पर्श. स्पर्श म्हणजे काय? तर देहाच्या तारेवर चैतन्याचा करंट..."

"तर मग पाण्यातून करंट जास्त चांगला जायला हवा," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोन-चार माणसं हसली. महाराजांना ते लागलं. त्यांनी पिशवीवर हात ठेवला, डोळे मिटले. भाऊसो उपरणं सोडत स्टँडच्या बाजूला सरकला.

"सुभेदार," मी म्हणाले, "यांचे हात तेवढे धरा."

हंबीररावांनी भाऊसोची दोन्ही मनगटं एका मुठीत धरली. महाराज पुटपुटत होते. एक मिनिट झालं. चार झाली. चंद्र झाला, समुद्र झाला, सातही लोक झाले. आकडा अडतीस.

"इथं अविश्वास फार आहे," महाराज डोळे उघडून म्हणाले. "शक्ती उतरत नाही."

"मग मी उतरवते," मी म्हणाले आणि स्क्रू सोडला. "नीट बघा सगळ्यांनी. पिशवीला हात लावत नाही. फक्त ही डबी एक वीत खाली."

चोपन्न.

"आणखी एक वीत."

सत्तर.

"आणि ही अर्धी."

अठ्ठ्याहत्तर.

"अडीच वीत," मी म्हणाले. "चाळीसनं वाढला. सकाळी अंबूबाईंचा पण चाळीसनंच वाढला होता. आता वर घेते." डबी वर नेली. परत अडतीस. मी पुन्हा खाली केली, पुन्हा वर केली. लहान मुलाला दाखवावं तसं चार वेळा दाखवलं.

"गवंड्याची नळी," हंबीरराव एकदम म्हणाले. भाऊसोची मनगटं न सोडता ते लोकांकडं वळले. "घर बांधताना गवंडी पाण्याची नळी धरतोय का न्हाई लेव्हल काढाय? येक टोक खाली केलं की पानी तिकडं जोर करतंय. पानी वाडत न्हाई. आमी पूल बांधताना रोज बगितलंय हे." ते माझ्याकडं वळले. "म्हंजे सिस्टर, माज्या बायकोचं प्रेशर वाडलंच न्हवतं."

"नाही."

"आन् वाडलं म्हनून अवशीद कमी केलं."

"हो. चौदावरून चारवर. मी दोनला आले नसते तर आणखी कमी झालं असतं."

त्यांनी मूठ आवळली असावी, कारण भाऊसो कळवळला. मी व्हिडिओ लावून फोन मॉनिटरशेजारी धरला. "महाराजांकडं बघू नका. उजव्या कडेला बघा." पुढच्या रांगेनं बघितलं, फोन मागं गेला, मग प्रत्येकानं आपापल्या फोनवर बघितलं. सकाळपासून पन्नास वेळा बघितलेलाच तो व्हिडिओ होता.

"तुम्ही आधी कुठं कामाला होता?" मी भाऊसोला विचारलं.

"पुण्यात," तो खाली बघत म्हणाला. "हार्टच्या हॉस्पिटलात टेक्निशियन. पाच वर्सं. महाराज म्हनले, नुसता आकडा दिसू दे लोकास्नी. पेशंटला काय व्हत न्हाई म्हनले."

"डबी परत वर का नाही केलीस?"

"वर केली तर आकडा पडनार. मग चमत्कार कसला."

हे तो अगदी सहज बोलून गेला. यालाही माहीत होतं. याला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं.

तेव्हा तो खडावा धरलेला ड्रायव्हर पुढं आला.

"सिस्टर," तो म्हणाला, "माजं नाव ज्योतिबा. साताऱ्याची बनुबाई माजी आई."

महाराज म्हणाले, "ज्योतिबा, गाडी काढ."

तो हलला नाही. "आई सांजच्याला गेली. महाराज म्हनले, घरातल्या कुनाच्या तरी मनात शंका हाय, त्यानं कृपा तुटली. माज्याच मनात आली व्हती शंका. म्या कुनाला बोललो न्हवतो. पर आली व्हती. म्हनून सहा महिने गाडी चालीवतोय ह्यांची. प्रायश्चित्त म्हनून." त्यानं खडावा खाली ठेवल्या. "आईचं अवशीद बी असंच कमी केलं असंल व्हय?"

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं मला ठाऊक नव्हतं.

"तिचे कागद बघावे लागतील," मी म्हणाले. "ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, मी बरोबर येईन. पण एक आत्ता सांगते. तुमच्या शंकेनं ती गेली नाही. शंकेनं कुणी मरत नाही. तुम्ही त्या दिवशी शंका बोलून दाखवली असतीत, तर कदाचित कुणीतरी खाली वाकून डबी बघितली असती."

तो तिथंच फरशीवर बसला. क्रांती, जी दुपारी माझ्यावर ओरडली होती, ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

पोलिस सहाला आले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्याखाली आणि जिवाशी खेळल्याबद्दल गुन्हा नोंदवला. ज्योतिबानं आणि हंबीररावांनी जबाब दिले. महाराजांना गाडीत बसवताना तीन बायका त्यांच्या पाया पडल्या. मी बघत होते. एक म्हणाली, "शिष्य वाईट निगाला, म्हाराजांचा काय दोष?" मी तिला पुन्हा सगळं सांगायला लागले. ती ऐकत होती का, मला माहीत नाही. तरी सांगितलं.

अंबूबाई अकरा दिवसांनी घरी गेली. डाव्या पायाच्या तीन बोटांची टोकं काळी पडली होती, ती काढावी लागली. औषध आधी खाली आलं, मग पाचपट वर न्यावं लागलं, त्याची ही किंमत. जाताना म्हणाली, "चुलीपुढं हुबं ऱ्हायला बोटं लागत्यात सिस्टर, बगू आता." तिनं मला दोष दिला नाही. महाराजांना दिला का, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

डॉ. शेट्यांनी व्हिडिओ काढून टाकला. माफी मागितली नाही. शिवांजलीला मात्र मेमो दिला, निष्काळजीपणाचा. त्या मेमोखाली मी लिहिलं की आयसीयूचं दार कुणी उघडलं ते आधी लिहा, मग खाली सही करू. मेमो अजून तसाच पडून आहे. शिवांजली चुकली हे खरं. पण आकड्यावर विश्वास ठेवायला आम्हीच तिला शिकवलं आणि पायाला हात लावायला शिकवायचं राहून गेलं. तो दोष माझा. आता नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी मी तिला मॉनिटर बंद करून पेशंटसमोर उभी करते.

हे मी रागानं लिहिलं आहे आणि तो राग लपवायची मला गरज वाटत नाही. तुमचं माणूस आयसीयूत असेल तर देवाला हात जोडा, त्याला माझी हरकत नाही. पण हात जोडून झाले की तेच हात त्याच्या तळव्यांना लावून बघा. गरम आहेत का ते बघा. लघवी किती झाली ते सिस्टरला विचारा. औषध कमी केलं तर का केलं, वाढवलं तर का वाढवलं, हे विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर दाखवणाऱ्याकडं बघू नका, त्याच्या आजूबाजूच्यांचे हात कुठं आहेत ते बघा. आणि मनात शंका आली तर ती पाप म्हणून गिळू नका. डॉक्टरांना विचारा, मला विचारा, माझ्यावर शंका असेल तर तीही विचारा. उत्तर देणं हे माझं काम आहे. जो उत्तर द्यायच्या ऐवजी तुमची श्रद्धा मोजायला लागेल, त्याला तुमच्या माणसाच्या खाटेजवळ येऊ देऊ नका.